बैल गेल्यावर झोपा, मेंढी गेल्यावर कुंपण

चौकात अपघात झाला की आठवड्याभरात तिथे गतिरोधक येतो. सोसायटीत चोरी झाली की जिन्यात कॅमेरे लागतात. पावसाचं पाणी घरात शिरून ओसरलं की नाल्यातला गाळ उपसायला माणसं येतात. आणि हे सगळं बघत उभं असलेलं कुणीतरी हमखास म्हणतं, “बैल गेला नि झोपा केला!”

या म्हणीतल्या ‘झोपा’चा झोपेशी काही संबंध नाही. झोपा म्हणजे काटक्याकुडाचं ओबडधोबड दार, गोठ्याच्या तोंडाशी लावायचं. बैल गेला, आता दार करून काय उपयोग, असा तो टोमणा. इंग्रजांनी हाच टोमणा घोड्यावर बेतला आहे. त्यांच्याकडे घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप लागतं.

चिनी भाषेतही जवळजवळ हेच चित्र आहे, फक्त जनावर वेगळं. ‘वांग यांग बू लाओ’, म्हणजे मेंढी हरवली, वाडा सांधला. आता गंमत अशी की चिनी माणूस हे चार शब्द उच्चारतो तेव्हा बहुतेक वेळा तो टोमणा मारत नसतो. तो धीर देत असतो. चूक झाली खरी, पण आता दुरुस्त करा, अजून वेळ गेलेली नाही, असं त्याला म्हणायचं असतं.

जनावर गेलं, मग कुंपण झालं, इथवर दोन्हीकडे गोष्ट सारखीच. मग मराठी माणूस हसतो आणि चिनी माणूस पाठीवर हात ठेवतो, असं का?

चार अक्षरांत मावलेली गोष्ट

चिनी भाषेत अशा ठरीव शब्दसमूहांना ‘छंग-यू’ म्हणतात. त्यांतले बहुसंख्य बरोबर चार अक्षरांचे असतात आणि चिनी लिपीतलं प्रत्येक अक्षर म्हणजे साधारणपणे एक शब्द. चार शब्दांत पूर्ण वाक्यही धड मावत नाही, पण त्यांच्यामागे एखादी जुनी कथा, इतिहासातला प्रसंग किंवा ग्रंथातलं वचन उभं असतं. ते ठाऊक असेल तरच अर्थ उलगडतो.

आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण म्हणजे ‘ध चा मा’. परक्या माणसाला ही तीन अक्षरं निरर्थक वाटतील. मराठी माणसाला मात्र १७७३ सालचा शनिवारवाडा, नारायणराव पेशवे, ‘धरावे’चं ‘मारावे’ झाल्याची आख्यायिका, असं सगळं त्यात दिसतं. छंग-यू असंच काम करतात, आणि चिनी भाषेत ते हजारोंनी आहेत.

आता आपली चार अक्षरं सुटी करून बघू. ‘यांग’ म्हणजे मेंढी. शेळीलाही हाच शब्द चालतो. ‘बू’ म्हणजे ठिगळ लावणं, सांधणं. हे अक्षर लिहिताना त्याच्या डाव्या अंगाला कपड्याची खूण असते, म्हणजे मूळ कल्पना फाटक्या कापडाची. ‘लाओ’ म्हणजे जनावरांचा वाडा. या अक्षरात वर छप्पर आणि खाली गाय आहे. आजच्या चिनी भाषेत मात्र हा शब्द मुख्यतः तुरुंगासाठी वापरतात. ‘वांग’ची गतही तशीच. आज त्याचा अर्थ मरणं किंवा नष्ट होणं. जुन्या भाषेत पळून जाणं, हरवणं असाही अर्थ होता. त्यामुळे नवशिक्याला हा शब्दसमूह ‘मेलेली मेंढी आणि दुरुस्त केलेला तुरुंग’ असा काहीतरी वाटू शकतो. आपल्या मुलांना झोपा म्हणजे झोप वाटते, तसंच.

राजाने ऐकलं नाही

ही चार अक्षरं ज्या प्रसंगातून आली तो मेंढपाळाचा नाही, एका पळून गेलेल्या राजाचा आहे. काळ इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकाचा. चीनमध्ये तेव्हा सात मोठी राज्यं एकमेकांशी झुंजत होती. दक्षिणेला यांगत्से नदीच्या खोऱ्यात छू हे प्रचंड राज्य होतं. पश्चिमेकडून छिन हे राज्य चढाई करत होतं. ‘चीन’ हे नाव याच छिनवरून आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

छूच्या गादीवर छिंगश्यांग नावाचा राजा होता. चार लाडक्या सरदारांच्या संगतीत तो चैनीत दिवस काढत होता. च्वांग शिन नावाच्या मंत्र्याने त्याला तोंडावर सांगितलं, की हे असंच चाललं तर राजधानी हातची जाईल. राजा उखडला. म्हातारपणी तुमची बुद्धी फिरली आहे की राज्यावर अपशकुन आणायचा आहे, असं त्याने विचारलं. च्वांग शिन मुकाट्याने चाओ राज्यात निघून गेला.

त्यानंतर पाच महिने गेले. तेवढ्यात छिनच्या फौजांनी छूचे एकामागून एक प्रदेश घेतले. इ.स.पू. २७८ मध्ये बाय छी या सेनापतीने राजधानी यिंगही जिंकली. आजच्या हुबेइ प्रांतातल्या चिंगचौ शहराजवळ ही राजधानी होती. छूचा निर्वासित कवी छ्यू युआन याने राजधानी पडल्याच्या दुःखात नदीत उडी घेतली, अशी परंपरा सांगते. दरवर्षी होणारा ड्रॅगन-होड्यांचा सण त्याच्याच आठवणीशी जोडला जातो.

पळालेल्या राजाला आता च्वांग शिन आठवला. त्याने माणसं पाठवून त्याला बोलावून घेतलं आणि विचारलं, तुमचं ऐकलं नाही, आता काय करू?

‘सांगितलं नव्हतं का?’ हे वाक्य या क्षणी कुणाच्याही ओठांवर आलं असतं. च्वांग शिनने ते गिळलं आणि दोन लोकोक्ती सांगितल्या. ससा दिसल्यावर कुत्र्याला हाक मारली तर तो उशीर नव्हे, ही पहिली. मेंढी हरवल्यावर वाडा सांधला तर तोही उशीर नव्हे, ही दुसरी. पुढे त्याने हिशेब मांडला. पूर्वीचे थोर राजे शंभर ‘ली’ एवढ्याशा भूमीतून उभे राहिले. महाराजांकडे तुकडे जोडून अजूनही कित्येक हजार ‘ली’ मुलूख आहे. (‘ली’ हे अंतर मोजायचं जुनं चिनी माप.)

आपल्या कोड्याची किल्ली या हिशेबात आहे. गेलं किती, हे त्याने राजाला मोजायला लावलं नाही. उरलं किती, ते मोजून दाखवलं.

मग त्याने राजाला चांगलंच घाबरवलं. हवेत मजेत फिरणाऱ्या चतुराला ठाऊक नसतं, की खाली एक पोर काठीला चिकटा लावून उभं आहे. तिथून च्वांग शिन पाखरावर गेला, पाखरावरून हंसावर, हंसावरून एका दुसऱ्या राजावर, आणि शेवटी समोर बसलेल्या राजावर आला. ऐकता ऐकता राजाचा चेहरा उतरला, अंग कापू लागलं. त्याने च्वांग शिनला ‘यांगलिंगचा स्वामी’ ही पदवी दिली.

पुढे काय झालं? इ.स.पू. २७६ मध्ये राजाने पूर्वेकडच्या मुलखातून लाखभर सैन्य गोळा केलं आणि नदीकाठची १५ ठाणी परत मिळवली. राजधानी यिंग मात्र छूला पुन्हा कधीच मिळाली नाही. इ.स.पू. २२३ मध्ये छिनने छूचं राज्य संपवलं. म्हणजे राजधानी पडल्यावरही सांधलेला वाडा ५५ वर्षं टिकला. गेलेली मेंढी परत आली नाही, पण उरलेल्या दोन पिढ्या जगल्या.

शेपूट गळालेली म्हण

हा प्रसंग ‘चानग्वो त्स’ या ग्रंथात आहे. झुंजणाऱ्या राज्यांतल्या मसलतींचा हा संग्रह इ.स.पू. पहिल्या शतकात ल्यू श्यांग या पंडिताने सिद्ध केला. चिनी मुलं शाळेत मात्र वेगळीच गोष्ट शिकतात. एका माणसाच्या वाड्याला भोक पडतं, रात्री लांडगा एक मेंढी नेतो. शेजारी म्हणतो, भोक बुजव. तो म्हणतो, मेंढी तर गेली, आता बुजवून काय करू? दुसऱ्या रात्री आणखी एक मेंढी जाते. तेव्हा कुठे तो कुंपण सांधतो आणि पुढे एकही मेंढी जात नाही. ‘चानग्वो त्स’मध्ये हा मेंढपाळ नाही. तिथे आहे ती फक्त ओळ. गोष्ट तिच्याभोवती मागाहून विणली गेली.

वापरता वापरता त्या ओळीचं आणखी एक झालं. मूळ वचनाला दोन भाग होते: मेंढी गेल्यावर वाडा सांधणं, आणि तो उशीर नव्हे. चार अक्षरांच्या साच्यात पहिलाच भाग मावला. निवाडा सांगणारा दुसरा भाग ऐकणाऱ्याच्या मनावर सोडला गेला. आपण ‘नाचता येईना...’ एवढंच म्हणून थांबतो आणि अंगण कुणीही पूर्ण करतं, तसंच हे. चिनी माणूस उरलेलं मनात पूर्ण करतो किंवा ‘अजून उशीर नाही’ असं पुढे जोडतो. पण परक्याच्या कानावर फक्त पहिला भाग पडला, की तो त्याला आपलं शेपूट लावतो. इंग्रज घोड्याचं लावतो, आपण बैलाचं. म्हणूनच ही म्हण पुष्कळदा ‘उशिरा सुचलेलं शहाणपण’ अशी समजली जाते.

एक बैल, शंभर मेंढ्या

आता कोड्याकडे वळू. माझ्या मते सगळा फरक जनावरांच्या संख्येत आहे. म्हणीतला बैल एकवचनी आहे. छोट्या शेतकऱ्याच्या गोठ्यात एकच बैल असेल आणि तोच गेला, तर रिकाम्या गोठ्याला दार कशाला? मेंढी कधी एकटी नसते, कळप असतो. एक गेली तेव्हाच उरलेल्या मेंढ्यांसाठी कुंपण सर्वांत गरजेचं झालं.

थोडा हिशेब करू. वाड्यात १०० मेंढ्या आहेत आणि रोज रात्री एक जाते. पहिल्या रात्रीनंतर भोक बुजवलं तर ९९ वाचतात. दहा दिवसांनी बुजवलं तर ९०, महिन्याने बुजवलं तर ७०. उशीर दर दिवशी महाग पडतो, पण शेवटची मेंढी आत असेपर्यंत काम फुकट जात नाही. याला थेंबाथेंबाचं नुकसान म्हणू. नळ गळतोय, टाकी रिकामी होतेय; वॉशर कधीही बदला, पुढचं पाणी वाचतंच.

शाळेतल्या गोष्टीतला मेंढपाळ फसतो तो इथेच. ‘मेंढी तर गेली’ हे त्याचं वाक्य खरं आहे. त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष चुकला, कारण कुंपण गेलेल्या मेंढीसाठी नसतंच.

जिथे उशीर म्हणजे उशीरच

चिनी लोक प्रत्येक उशिराला माफी देतात, असं मात्र नाही. खरोखर वेळ गेली असेल तर त्यांच्याकडे वेगळे शब्द तयार आहेत. ‘लिन ख चुए चिंग’ ऐकून मराठी वाचकाला घरच्यासारखं वाटेल: तहान लागल्यावर विहीर खणणं. हे चित्र सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या ‘ह्वांगदी नेइचिंग’ या वैद्यकग्रंथात आहे. रोग जडल्यावर औषध शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं आणि लढाई सुरू झाल्यावर शस्त्रं ओतणं, असं तिथे म्हटलं आहे. नाव नदीच्या मध्यावर गेल्यावर भोक बुजवणं, चोर गेल्यावर दार लावणं, पाऊस थांबल्यावर छत्री पाठवणं, अशीही चित्रं आहेत. आपल्या ‘वरातीमागून घोड्या’लाही तिथे भाऊ आहे. चिनी बुद्धिबळात घोडा आणि तोफ अशी दोन मोहरी असतात. वेळ टळून गेल्यावर शहाणपण शिकवणाऱ्याला ‘घोड्यामागची तोफ’ म्हणतात.

या उशिरांचं गणित मेंढ्यांहून वेगळं आहे. विहीर खणायला दहा दिवस लागतात आणि माणूस पाण्याविना जेमतेम तीन-चार दिवस काढतो. इथे उशिरा केलेलं काम थोडं कमी उपयोगी पडत नाही, ते मुळीच उपयोगी पडत नाही. याला उंबरठ्याचं नुकसान म्हणू. उंबरठ्याच्या अलीकडे सगळं वाचतं, पलीकडे काहीच नाही.

हा उंबरठा दाखवणारी एक जुनी गोष्ट हान फेइ या विचारवंताच्या ग्रंथात आहे. ब्येन छ्वे हा नामांकित वैद्य त्साय राज्याच्या ह्वान या राजाला म्हणाला, आपल्याला आजार आहे, अजून तो कातडीतच आहे. राजाला काही जाणवत नव्हतं. वैद्यांना धडधाकट माणसावर उपचार करून नाव कमवायचं असतं, असं तो म्हणाला. दहा दिवसांनी वैद्याने सांगितलं, आजार मांसात गेला. आणखी दहा दिवसांनी म्हणाला, पोटात, आतड्यांत गेला. पुन्हा दहा दिवसांनी त्याने राजाला लांबूनच पाहिलं आणि पाठ फिरवून पळ काढला. कारण विचारल्यावर म्हणाला, कातडीतला आजार शेकाने जातो, मांसातला सुयांनी, पोटातला काढ्याने. आता तो हाडांच्या मगजात आहे, तिथे माझा इलाज नाही. पाच दिवसांनी राजाचं अंग दुखू लागलं. वैद्याला शोधायला माणसं धावली, पण तो राज्य सोडून गेला होता. राजा मेला.

राजाने एकूण तीन इशारे वाया घालवले. पहिल्या दोन्हींचं नुकसान भरून निघण्यासारखं होतं. उंबरठा ओलांडला गेला तो तिसऱ्यानंतर. आणि दुखू लागलं ते त्याहीनंतर.

भाजलेल्या कपाळाचा मान

मग लोक वेळेवर का हलत नाहीत? यावरही एक चिनी गोष्ट आहे, हान घराण्याच्या इतिहासात नोंदलेली. एका घरी पाहुणा आला. त्याने पाहिलं, चुलीचं धुराडं सरळसोट आहे आणि शेजारीच लाकडं रचली आहेत. धुराडं वाकडं करा, लाकडं हलवा, असं त्याने सुचवलं. यजमान गप्प राहिला. पुढे आग लागली, शेजाऱ्यांनी धावून ती विझवली. यजमानाने बैल कापून मेजवानी दिली. ज्यांची डोकी-कपाळं भाजली होती त्यांना मानाच्या जागी बसवलं. धुराड्याबद्दल बोललेल्या पाहुण्याला आमंत्रणच नव्हतं. कुणीतरी लक्षात आणून दिलं, की त्याचं ऐकलं असतं तर ना आग लागली असती, ना बैल कापावा लागला असता.

ही गोष्ट श्वेन या सम्राटाला सांगितली गेली. ह्वो या बलाढ्य घराण्याला वेळीच आवरा, असं श्यू फू नावाच्या माणसाने वारंवार लिहून कळवलं होतं. कुणी ऐकलं नाही. इ.स.पू. ६६ मध्ये त्या घराण्याचा कट उघडकीला आला आणि ते नष्ट झालं. कट उघड करणाऱ्यांना बक्षिसं मिळाली, श्यू फूला काहीच नाही. गोष्ट ऐकल्यावर सम्राटाने त्याला रेशमाचे दहा तागे आणि दरबारात पद दिलं.

विझवलेली आग सगळ्यांना दिसते. न लागलेली आग कुणालाच दिसत नाही. नालेसफाई नीट झाली तर पाणी तुंबत नाही, आणि पाणी तुंबलं नाही तर नालेसफाईवर एवढा खर्च कशाला, असा प्रश्न येतो. वेळेवर केलेलं काम स्वतःचा पुरावाच पुसून टाकतं. म्हणून माणसाला पहिली मेंढी जावी लागते. तिच्या जाण्यानेच भोक दिसतं.

त्याच नदीकाठी

छूची राजधानी जिथे पडली, तिथलाच यांगत्सेकाठ १९९८ च्या उन्हाळ्यात पुन्हा बातम्यांत आला. नदीला भयंकर पूर आला. देशभरातल्या त्या वर्षीच्या पुरांत ३,००० हून अधिक माणसं गेली. पाऊस प्रचंड होता, पण भोकं माणसांनीही पाडली होती. वरच्या अंगाला डोंगरावरची जंगलं तोडली गेली होती. खालच्या अंगाला, एरवी पुराचं पाणी पोटात घेणाऱ्या सरोवरांत भर घालून शेतं केली होती.

सरकारने त्याच वर्षी यांगत्सेच्या वरच्या खोऱ्यातल्या नैसर्गिक जंगलांत व्यापारी तोड बंद केली. १९९९ पासून तीव्र उतारावरची शेती सोडून झाडं लावणाऱ्या शेतकऱ्यांना धान्य आणि रोख रक्कम द्यायला सुरुवात झाली. काही सरोवरांना त्यांची जागा परत देण्याचं कामही हाती घेतलं गेलं. झाडं लावण्याच्या मोहिमेची घोषणासुद्धा चारच अक्षरांची होती: ‘त्वेइ कंग ह्वान लिन’, म्हणजे शेत मागे घ्या, वन परत आणा.

याला बैल म्हणायचं की मेंढी? ज्या घरातली माणसं गेली त्या घरासाठी हा बैलच होता. नदीसाठी मात्र पुढचे सगळे पावसाळे शिल्लक होते. एकाच घटनेला दोन्ही म्हणी लागू पडतात. कोणती लागू पडते ते कोण कुठे उभं आहे यावर ठरतं.

---

चौकट: झोपा करायचा की नाही?

काहीतरी बिघडल्यावर तीन प्रश्न विचारावेत.

१. आत अजून काही उरलं आहे का? कळप उरला असेल तर दुरुस्ती उशिराची नाही.

२. भोक तेच आहे का, आणि उघडंच आहे का? चोर खिडकीतून आला असेल तर दाराला दुसरं कुलूप लावून उपयोग नाही.

३. दुरुस्ती पुरी व्हायला जितका वेळ लागेल तितका हातात आहे का? नसेल तर विहीर खणत बसू नये, आधी शेजारून घागर आणावी.

---

आपली म्हण चुकीची नाही. ती ज्या बैलाबद्दल बोलते तो खरोखर गेलेला आहे आणि बेफिकीर मालकाला टोमणा बसायलाच हवा. तिचा घोटाळा इतकाच, की ती फार सहज ओठांवर येते आणि दार करायला निघालेल्या माणसाचाही हात थांबवते. अपघातानंतर बसलेला गतिरोधक गेलेल्या माणसासाठी उशिराच आहे. उद्या तो चौक ओलांडणाऱ्या पोरांसाठी तो अगदी वेळेवर आहे.

म्हणून पुढच्या वेळी ‘बैल गेला नि झोपा केला’ म्हणण्याआधी एकदा गोठ्यात वाकून बघा. आत वासरू बांधलेलं असेल तर हसणं पुढे ढकला आणि झोपा करणाऱ्याला काटक्या पुरवा.